वळवाच्या दिवसांत टेकडीवर पळताना

पाऊस अंगावर खुशाल घे. जुलैतल्या भुरभुर पावसात पळण्यासारखं सुख नाही. पण मे महिन्यातला वळीव वेगळा. पुण्यात तो बहुतेक दुपारनंतर गाठतो, म्हणून या दिवसांत पळणं सकाळीच उरकून घे.

संध्याकाळीच जमत असेल, तर आभाळ भरल्यावर वेताळ टेकडी नको. वर उघडा माळ, त्यात आपणच उंच. वीज चमकली की आकडे मोजायला लाग. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण 3 सेकंद लागतात. 30 च्या आत गडगडाट ऐकू आला, म्हणजे वीज 10 किलोमीटरच्या आत आहे. तिथूनच मागे फिर. ‘एवढी फेरी पूर्ण करतो’ असं मनात येतं. मलाही एकदा आलं होतं. उतरेपर्यंत गारा सुरू झाल्या, पायवाटेचा ओढा झाला आणि मुरमाचा चिखल बुटांना असा चिकटला की पाय उचलवेना. त्या दिवशी मी खरंच घाबरलो.

झाडाखाली थांबू नकोस, कधीच नाही. पक्की इमारत किंवा बंद काचांची मोटार गाठ. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ दे, मगच बाहेर पड. परतताना गुलमोहराच्या मोडक्या फांद्या, लोंबणाऱ्या तारा बघून चाल. साचलेल्या पाण्यात पाय घालू नकोस, खाली उघडं चेंबर असू शकतं.

पुण्याच्याच आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये ठेव. आणि कुठल्या वाटेनं चाललास, ते घरी सांगून जा.