गुरुजींची स्प्लेंडर घे, पण इंजिन गार असताना बघ

प्रश्न : काका, नमस्कार. मी सांगलीजवळच्या कवलापूरची, विश्रामबागला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एसटीचा पास आहे, पण प्रॅक्टिकल संपायला साडेपाच होतात आणि तासगाव गाडी इतकी भरून येते की बऱ्याचदा थांबतच नाही. घरी पोचायला आठ वाजतात. दोन उन्हाळे बेदाण्याच्या शेडवर निवडणीला गेले, शिष्यवृत्तीतले थोडे ठेवले, असे ३८ हजार साठलेत. रोजचं जाणं-येणं २५ किलोमीटर. समोर तीन गाड्या आहेत. सांगलीतल्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात २०१६ ची अ‍ॅक्टिव्हा, ३६ हजार, अगदी चकाचक. आतेभावाच्या मित्राची पुण्यातली २०१७ ची पल्सर १५०, ३५ हजार, कागद नंतर देतो म्हणाला. आणि आमच्या गल्लीतल्या निवृत्त गुरुजींची २०१४ ची स्प्लेंडर, २८ हजार, पण गुडघ्यांमुळे आठ महिने उभी आहे. दादा म्हणतो, हप्त्यावर नवीनच घे. आई म्हणते, मुलीला स्कूटीच बरी. लर्निंग काढलंय. काय घेऊ?

उत्तर : पोरी, आधी तुझा आकडा दुरुस्त करतो. गाडीसाठी तुझ्याकडे ३८ हजार नाहीत, फार तर २८ आहेत. उरलेले दहा गाडी दारात आल्यावर लागणार आहेत, आणि जुन्या गाडीला ते लागतातच. दुकानातली स्कूटर ३६ ला घेतलीस, की पहिल्याच महिन्यात टायरसाठी घरी हात पसरावा लागेल. बेदाणा निवडून बोटं काळी करून मिळवलेला पैसा आहे तो. म्हणून हे उत्तर जरा लांबणार.

त्या चकाचक स्कूटरपासून सुरू करतो. माझं गॅरेज तेव्हा मारुती चौकाजवळच्या एका बोळात होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. माझं शटर पाण्याखाली होतं, आत गिऱ्हाइकांच्या नऊ गाड्या होत्या. पाणी उतरल्यावर दिवाळीपर्यंत मी दुसरं काम केलं नाही, नुसती पुरातली इंजिनं उघडत होतो. ज्यांना खर्च झेपला नाही त्यांनी गाड्या मिळेल त्या भावाला देऊन टाकल्या. त्या धुतल्या गेल्या, पॉलिश झाल्या आणि परत बाजारात आल्या. माझ्याकडे कामाला असलेल्या पोराच्या बहिणीनं तशीच एक स्कूटर घेतली, मला न दाखवता. दोन महिने छान चालली. मग एका रात्री भर रस्त्यात दिवा गेला, त्यानंतर सेल्फ, मग हॉर्न. मी वायरिंगचे कपलर सोडवले तर प्रत्येक पिन हिरवी पडलेली. नवीन वायरिंग, बेअरिंगं, स्पीडोमीटर असं करत तिचे चौदा हजार गेले. ती रडली ते मला अजून आठवतं. २०२१ च्या जुलैमध्ये परत पाणी आलं आणि परत तेच झालं.

तुला दाखवलेली स्कूटर पुरातलीच आहे असं मी म्हणत नाही. पण सांगलीत जुनी गाडी घेणाऱ्यानं ही तपासणी केल्याशिवाय पैसे काढू नयेत. पुराचा गाळ पिठासारखा बारीक असतो. धुणारा बाहेरून धुतो, आतले कोपरे राहतात. सीटखालचा डबा काढून पाहा, सीटच्या कुलपाच्या खाचेत बोट घाल, हेडलाइटच्या काचेच्या आत आणि मीटरच्या काचेखाली पिवळट रेघ किंवा वाफ दिसते का बघ. एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी चिखलाची खपली सापडते. इंडिकेटरचं बटण दाबल्यावर रेती अडकल्यासारखं लागलं, हॉर्न घोगरा आला, तर तिथूनच मागे फीर. इंजिन ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर काहीच बोलू नकोस, निघून ये. सगळं रंगकाम नवं आणि आतले स्क्रू मात्र गंजलेले, ही जोडी मला सगळ्यात वाईट वाटते.

पूर सोडला तरी तुझ्या रस्त्याला ती स्कूटर मला पटत नाही. तिची चाकं दहा इंची, स्प्लेंडरची अठरा. पावसाळ्यात माधवनगर, बुधगाव ओलांडताना खड्डा पाण्याखाली असतो, दिसत नाही. लहान चाक त्यात बसतं, मोठं चाक वरून निघून जातं. आईंना सांग, स्कूटी मुलीची आणि मोटारसायकल मुलाची असं काही नसतं. स्प्लेंडरचं वजन एकशेदहा किलोच्या आसपास, स्कूटरही तेवढीच. पल्सर मात्र १४० च्या पुढे जाते. ती बंद पडली तर तुला एकटीला ढकलायची आहे, हे डोक्यात ठेव.

पेट्रोलचा हिशोबही करून बघ. महिन्याला २४ दिवस धरले तर ६०० किलोमीटर. स्प्लेंडर साठच्या आसपास देते, म्हणजे दहा लिटर. स्कूटर पंचेचाळीस धरली तर तेरा, पल्सर चाळीस धरली तर पंधरा. लिटर शंभराच्या वर आहे. पल्सरवर महिन्याला पाचशे जास्त गेले, तर कॉलेजच्या दहा महिन्यांत पाच हजार.

पण पल्सर नको म्हणण्याचं खरं कारण पेट्रोल नाही, ते ‘कागद नंतर देतो’ आहे. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाक. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, फायनान्स कंपनीचं नाव अजून असेल, तर तो मित्र कर्ज न फिटलेली गाडी विकतोय. उद्या त्यानं हप्ते थकवले तर गाडी तुझ्या दारातून उचलून नेतील. फायनान्सचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय एचपी, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, उतरत नाही. त्यात गाडी एमएच १२, म्हणजे पुण्याची, तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र लागतं का ते सांगलीच्या आरटीओत विचार. ई-चलान थकलेली असतील तर तीही बघावी लागतील. आतेभावाशी वाईटपणा येईल म्हणून घेऊ नकोस. सरळ सांग, कागद पूर्ण झाल्यावर बोलू.

दादाच्या सल्ल्यावर थोडंच बोलतो. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नवीन गाडी स्वस्त झाली हे खरं. तरीही पन्नासेक हजारांचं कर्ज तुला काढावंच लागेल. शोरूमच्या टेबलावर ‘दहा टक्के फ्लॅट’ म्हणतात. म्हणजे तीन वर्षं पूर्ण ५० हजारांवर व्याज, पंधरा हजार. तू मात्र मुद्दल दर महिन्याला फेडत असतेस. उतरत्या शिलकीवर मोजलं तर तेच व्याज अठरा टक्क्यांच्या जवळ जातं. महिन्याचा हप्ता अठराशे, आणि तो बाबांच्या नावावर. तुझं शिक्षण चालू असताना हे ओझं नको.

आता गुरुजींची गाडी. मालक माहितीचा, गाडी गल्लीतली, आणि कवलापूर नदीपासून लांब. किक आहे, म्हणजे बॅटरी गेली तरी घरी येता येतं. २०१४ ची म्हणजे पेट्रोल सोडायला साधा कार्ब्युरेटर, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन नाही, त्यामुळे तासगाव रस्त्यावरचा कुठलाही मिस्त्री तिला हात घालू शकतो. आरसी पंधरा वर्षांची, २०२९ पर्यंत चालेल, तोवर तुझी डिग्री झालेली असेल.

आठ महिने उभी राहिली म्हणून घाबरू नकोस, पण त्याचा खर्च भावात धर. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकायचं, टाकीत टॉर्च मारून गंज आहे का बघायचं. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकून जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक, बुजलेला असणार, तो साफ करून घ्यायचा. बॅटरी बहुतेक गेलेली असेल. टायरवर आडव्या भेगा दिसतात का बघ. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ‘२३१९’ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत असली तरी इतकं जुनं रबर ओल्या रस्त्यावर धरत नाही.

गुरुजींना आदल्या दिवशी सांगून ठेव, ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ गेल्यावर आधी इंजिनला हात लाव, गार पाहिजे. गरम इंजिन सगळे दोष लपवतं. चोक देऊन किक मार. इतके दिवस उभ्या गाडीला दहा-बारा किका लागल्या तर तो दोष नव्हे. सुरू झाल्यावर सायलेन्सरकडे बघ. थोडी पांढरी वाफ येऊन थांबली तर ठीक. पण निळसर धूर येतच राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेलेत. मग काम पाच हजारांच्या खाली होत नाही. मधल्या स्टँडवर लाव, कुणाला तरी मागून दाबून पुढचं चाक उचलायला सांग आणि हँडल हळू फिरव. मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतली बेअरिंगं, गेलाय. पुढच्या शॉकअपवर तेलाचे ओघळ बघ. चेन मागच्या चक्रावरून बोटांनी ओढ, दात उघडे पडले किंवा वाकडे दिसले तर चेनसेट आलाच. मग हँडलच्या मानेवरचा चासी नंबर आरसीशी एकेक आकडा जुळवून बघ. गुरुजींवर अविश्वास म्हणून नव्हे. आरटीओत चासी प्रिंट मागतात तेव्हा आरसीवरची साधी लिहिण्याची चूकही चकरा मारायला लावते.

टायर आणि बॅटरी दाखवून २६ हजार म्हण. गुरुजी माणूस आहे, उगीच ताणू नकोस, पण खर्च कागदावर मांडून दाखव. २६ ला ठरली तर बारा उरतात. मागचा टायर अठराशे, चेनसेट बाराशे, बॅटरी हजार, ऑइल-केबल-ब्रेकशू आणि मजुरी मिळून दीड हजार, थर्ड पार्टी विमा हजार-बाराशे, आरटीओची फी आणि धावपळ हजारभर. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची, म्हणून नवी सुरक्षा नंबरप्लेट (एचएसआरपी) बसवलेली नसेल तर ती ४५० रुपये अधिक जीएसटी. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं, हजार-बाराशेचं. रस्त्याकडेला टांगलेलं दोनशेचं टोपलं घेऊ नकोस. तरी अडीच-तीन हजार हातात राहतात. ते रेनकोटला आणि पंक्चरला.

नावावर करण्याचं काम पहिल्याच आठवड्यात कर. फॉर्म २९ आणि ३० वर गुरुजींच्या सह्या, दोघांचे आधार, विमा, पीयूसी. ‘गल्लीतलेच आहेत, करू सावकाश’ असं दोघंही म्हणाल, ते नको. कायद्यानं विकणाऱ्यानं चौदा दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत अर्ज द्यायचा असतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, की आरसीवर ज्याचं नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, गाडी विकली असली तरी. म्हणजे तुझ्या हातून काही झालं तर नोटीस त्या म्हाताऱ्या माणसाला जाईल. आणि तुझ्या बाजूनं बघायचं तर मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आरसीवरच्या मालकालाच मिळतो, तोही लायसन असेल तर. नाव गुरुजींचं आणि गाडी चालवणार तू, असं राहिलं तर त्या विम्याचा तुला काही उपयोग नाही.

नोव्हेंबरपासून गळीत हंगाम लागतो. अंधार पडल्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर असतात, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. जुन्या स्प्लेंडरचा दिवा इंजिन मंद झालं की मंदावतो, म्हणून बल्ब आणि हेडलाइटची काच आधी नीट करून घे. पुढच्या ट्रॅक्टरचं मागचं टोक दिसत नसेल तर त्याच्या मागेच राहा, ओव्हरटेक करू नकोस. ओढणी अंगाला पक्की बांध आणि चेनकव्हर कुठं फुटलं-तुटलं असेल तर पहिल्याच दिवशी बदल. मी ओढणी चाकात गेलेली बघितली आहे.

आणि लर्निंगचा कागद आज रात्रीच काढून बघ. आई स्कूटी म्हणत होत्या, तेव्हा तुझा अर्ज बिनगिअरच्या गाडीसाठी भरला गेला असण्याची शक्यता आहे. त्यावर स्प्लेंडर चालवता येत नाही. तसं असेल तर गिअरच्या गाडीचं लर्निंग काढ, तीस दिवसांनी परीक्षा देता येते. तेवढ्या दिवसांत गुरुजींच्या गाडीची कामं उरकून होतील आणि दादाला मागे बसवून गावातल्या मैदानावर क्लच सोडायला शिकशील.