मीटरचं सील, पंचनामा आणि ‘मी तर हातही लावला नव्हता’

वीजचोरीची नोटीस घेऊन इंदूरच्या मराठी वस्त्यांमधून येणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “मॅडम, मी तर मीटरला हातही लावला नव्हता.” एवढ्यावर सुटका होत नाही. म्हणून यावेळी याच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : मीटरवर लोहचुंबक ठेवला की रीडिंग थांबतं, असं व्हॉट्सॲपवर आलंय. एकदा करून पाहिलं तर गुन्हा होतो का? (राजेंद्रनगर)

चोरीच्या हेतूने केलं तर होतो, आणि ‘गंमत म्हणून केलं’ हे कुणी मानणार नाही. आजची बरीच इलेक्ट्रॉनिक मीटरं चुंबक कधी लागला, कधी निघाला, हे तारीख-वेळेसकट नोंदवून ठेवतात.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी दिवाळीच्या रंगकामात मीटरचं सील तुटलं. बिल नेहमीएवढंच येतं. तक्रार केली तर आपणच अडकू, असं शेजारी म्हणतात. गप्प बसावं का? (लोकमान्यनगर)

मुळीच नाही. शेजाऱ्यांच्या या सल्ल्याने मी चांगली, सरळ माणसं कोर्टाच्या पायऱ्या चढताना पाहिली आहेत.

नुसतं सील तुटणं म्हणजे चोरी नव्हे. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३५ ला अप्रामाणिक हेतू लागतो. पण त्याच कलमात एक गृहीतक आहे, आणि ते लोक वाचत नाहीत. वीज चोरण्याचं अनधिकृत साधन जागेवर होतं एवढं सिद्ध झालं, की ते ग्राहकानेच केलं असं न्यायालय धरून चालतं. तसं नाही, हे दाखवायचं ओझं तुमच्यावर येतं. सील तुटलेल्या मीटरमध्ये उद्या कुणी काही केलं, तर तुमच्या हातात काय असेल? रंगारी साक्षीला येणार आहे का?

तेव्हा आजच वीज कंपनीच्या झोन ऑफिसात अर्ज द्या. त्यात आयव्हीआरएस नंबर (बिलावरचा ग्राहक क्रमांक) आणि सील कसं, कधी तुटलं ते लिहा. दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या. १९१२ या वीज हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा, मीटरचे फोटो काढा. सील फेविक्विकने चिकटवू नका, ओळखीच्या वायरमनला बोलावू नका. नवं सील कंपनीचाच माणूस लावेल. त्याचा नंबर लिहून घ्या. जुनं घर विकत घेणाऱ्यांनी, भाड्याने घेणाऱ्यांनी आणि देणाऱ्यांनीही ताबा घेता-देताना सील तपासून असाच कागद करावा. दोन महिने आधीच गेलेत, तेव्हा अर्जाचा मसुदा वकिलाला दाखवा. पण त्यासाठी आणखी आठवडा घालवू नका.

प्रश्न : बिल निम्मं करणारं ‘पॉवर सेव्हर’ घ्यावं का?

पैसे वाया जातील. आत बहुधा एक कपॅसिटर असतो. घरगुती बिल युनिटवर येतं, आणि ती युनिटं त्याने कमी होत नाहीत. विकणारा ‘मीटरपाशी जोडून देतो’ म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्याचा फोन उद्या बंद असेल, मीटर मात्र तुमच्या नावावर राहील.

प्रश्न : मागच्या प्लॉटवरच्या बांधकामाला माझ्या मीटरवरून लाईन दिली तर? बिल मीच भरतो.

देऊ नका. मंजूर जागेबाहेरचा वापर कलम १२६ मध्ये अनधिकृत ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. बांधकामासाठी तात्पुरतं कनेक्शन मिळतं.

प्रश्न : पंचनामा झाला, घाबरून सही केली, लाईन कापली. एकजण ‘पंधरा हजारांत मिटवतो’ म्हणतो, दुसरा म्हणतो लोकअदालतीपर्यंत थांबा. (सुदामानगर)

मिटवणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. त्याची पावती नसते आणि केस तशीच उभी राहते.

आधी कागदावर कलम कोणतं आहे ते बघा. १२६ असेल तर तात्पुरत्या आकारणीवर लगेच हरकत घ्या, कारण ती हातात पडल्यापासून ३० दिवसांत अंतिम आदेश व्हायचा असतो. त्या आदेशावर ३० दिवसांत अपील करता येतं. मात्र अपिलाआधी निम्मी रक्कम भरावी लागते. १३५ असेल तर तो फौजदारी मामला आहे, विशेष न्यायालयाचा आणि अजामीनपात्र. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. पहिल्या दोषसिद्धीलाच दंड मिळवलेल्या लाभाच्या किमान तिप्पट. आकारलेली रक्कम भरल्यावर ४८ तासांत लाईन जोडून द्यावी लागते. कलम १५२ खाली तडजोड होते, पण एका ग्राहकाला एकदाच. लोकअदालतीतल्या सवलतीच्या अटी त्या-त्या वेळच्या आदेशात असतात. तिची वाट पाहताना हरकतीची मुदत हातची जाऊ देऊ नका. याच आठवड्यात वकील गाठा. पंचनाम्याची प्रत मिळाली नसेल तर त्याआधी ती लेखी मागा.

प्रश्न : तपासणीला रात्री येऊ शकतात का?

सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घराची झडती घरात राहणारा प्रौढ पुरुष हजर असेल तरच घेता येते, असं कलम १३५ मध्येच लिहिलं आहे. मीटर बाहेरच्या भिंतीवर असेल तर हा नियम लागू होतो का, ते फोटो दाखवून वकिलाला विचारा. आणि वेळ कोणतीही असो, ओळखपत्र पाहिल्याशिवाय कुणाला आत घेऊ नका.