देवस्थानाची छोटी वेबसाइट: सीएमएस नंतर ठरवा, आधी डोमेन कुणाच्या नावावर आहे ते बघा

तुमची पोस्ट आमच्याच समितीतल्या कुणी लिहिली असावी असं वाटलं. फोंडा तालुक्यातलं देवस्थान, आठ-दहा पानांची वेबसाइट, ती एका कंपनीच्या 'स्वतःच्या सिस्टिम'वर, जत्रेचा कार्यक्रम बदलायचा तरी त्यांना फोन करावा लागतो, आणि आता विचार असा की सीएमएस, म्हणजे पानं आपली आपण बदलता येतील असं सॉफ्टवेअर, कोणतं घ्यावं: वर्डप्रेसवर जावं, ग्रॅव घ्यावं, की आणखी काही साधं बघावं. आमच्या डिचोलीकडच्या देवस्थानाचं हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहितोय. होस्टिंग म्हणजे काय वगैरे तुम्हाला ठाऊक आहे हे दिसतंच, ते सोडून देतो. मी या धंद्यातला नाही, वकीलही नाही. समितीच्या कामात जे कळलं तेवढंच सांगतोय.

वर्डप्रेस की ग्रॅव हा पुढचा प्रश्न. आधी हे बघा की डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे. हूइजमध्ये (डोमेनच्या नोंदी बघायची सोय) शोधलं तर मालकाचं नाव बहुधा दिसणार नाही, हल्ली ते झाकलेलं असतं, पण रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन जिच्याकडे नोंदवलंय ती कंपनी, कोण आणि मुदत कधी संपते हे कळतं. मग देवस्थानाच्या फायलीत त्या रजिस्ट्रारची पावती शोधा. पावती नसेल आणि कंपनीचं 'वेबसाइट पॅकेज'चं बिल तेवढं असेल, तर डोमेन तुमचं नाही असं धरून चाला.

आमच्या आधीच्या समितीने काम दिलं त्या कंपनीचं कोटेशन अर्ध्या पानाचं होतं. डोमेन, होस्टिंग, डिझाइन मिळून वर्षाला इतके रुपये, बस. कशाची मालकी कुणाची याचा शब्द नाही. आम्हाला दिलेल्या लॉगिनमधून 'ताज्या घडामोडी'चा एक चौकोन बदलता यायचा. बाकी इतिहास, उत्सव, समितीची नावं, कशालाही हात लावायचा तर फोन, आणि प्रत्येक बदलाचे वेगळे पैसे. निवडणूक होऊन नवी समिती बसली तरी साइटवर जुनेच अध्यक्ष आणि जुनेच मुखत्यार (समितीतले देवस्थानाचे अधिकृत प्रतिनिधी) कितीतरी महिने दिसत होते.

आम्ही साइट हलवायचं ठरवून मजकूर मागितला, तर त्यांनी पानांच्या पीडीएफ पाठवल्या. फोटो त्यात जेवढे बारीक, तेवढेच आमच्या हाती. डेटाबेस मागितला तर 'ती कंपनीची मालमत्ता'. डोमेन हलवण्यासाठी लागणारा ऑथ कोड मागितला तर आधी 'साहेब बाहेरगावी आहेत', आणि मग डोमेन 'सोडण्याचे' म्हणून एकरकमी पैसे, तेही वर्षाच्या पॅकेजहून कितीतरी जास्त. समितीने लेटरहेडवर पत्र दिलं. पोच मिळाली, उत्तर कधीच नाही. रजिस्ट्रारला लिहिलं, पण त्याच्या नोंदीत मालक म्हणून कंपनीच्या माणसाचा ईमेल होता. डॉट कॉम, डॉट ऑर्ग अशा नावांसाठी आयकॅनचा (डोमेनची व्यवस्था बघणारी जागतिक संस्था) नियम आहे की मागणी आल्यावर रजिस्ट्रारने ५ दिवसांत ऑथ कोड द्यावा. तो मालकाला. कागदावर मालक आम्ही नव्हतोच.

पुढे मुदत संपली आणि कंपनीने नूतनीकरण केलं नाही. अशा नावांचं डोमेन त्या क्षणी जात नाही. सुरुवातीला काही दिवस नेहमीच्या दरात भरता येतं, रजिस्ट्रारने ते काढून टाकल्यावर आणखी ३० दिवस जबर रक्कम देऊन सोडवता येतं, आणि त्यानंतर ५ दिवसांनी ते कुणालाही मोकळं होतं. पण सोडवायचा हक्कसुद्धा मालकाचाच. आम्ही बघत राहिलो. मग कुणीतरी ते उचललं आणि देवाच्या नावाच्या पत्त्यावर सट्ट्याच्या जाहिराती दिसू लागल्या. जत्रेच्या निमंत्रणपत्रिका त्याच पत्त्यासह छापून मुंबई, कारवार, बेळगावच्या कुळाव्यांकडे, म्हणजे हे कुलदैवत असलेल्या कुटुंबांकडे, गेल्या होत्या. लोक फोन करून विचारत, हे काय चाललंय? आमच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

याहून लागलेली गोष्ट वेगळीच. देवस्थानाचा इतिहास गावातल्या एका निवृत्त मास्तरांनी जुने कागद चाळून लिहून दिला होता. ते हस्तलिखित टाइप करायला कंपनीकडे गेलं ते परत आलं नाही, आणि तोवर मास्तर हयात नव्हते. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर (तिथे वेबपानांच्या जुन्या प्रती साठवतात) इतिहासाचं पान अर्धवट सापडलं. नवरात्रातल्या मखरोत्सवाचे जुने फोटो मात्र गेले ते गेलेच. मला याचा आजही राग येतो, आणि तुमच्या पोस्टमध्ये 'त्यांची स्वतःची सिस्टिम' हे शब्द दिसले तेव्हा पुन्हा आला.

म्हणून सीएमएसकडे मी आता एकाच नजरेने बघतो: उद्या सोडून जायचं ठरलं तर सगळा मजकूर आणि मूळ फोटो कुणाचीही परवानगी न मागता बाहेर काढता येतात का? डिझाइन, स्लायडर, वरून पडणारी फुलं हे सगळं त्यानंतर. देवस्थानांना तर हे जास्तच लागू आहे. गोव्यातल्या देवस्थानांच्या १९३३ च्या नियमावलीप्रमाणे आपल्याकडे समिती ३ वर्षांची असते. आज हौसेने साइट सांभाळणारा सचिव पुढच्या खेपेला नसेल, आणि येणाऱ्याला संगणकाची आवड असेलच असं नाही.

माझं मत, तुमच्यासाठी स्वतःच्या होस्टिंगवरचं वर्डप्रेस. ते सगळ्यात साधं नाही. पण फोंड्यात, म्हापशात, पणजीत ते येणारा कुणीतरी सापडतो, आणि एकाशी पटलं नाही तर दुसऱ्याकडे जाता येतं. २००३ पासून ते आहे, जीपीएल या मुक्त परवान्याखाली मोफत आहे, आणि 'टूल्स'मध्ये जाऊन एक्सपोर्ट केलं की सगळा मजकूर एका एक्सएमएल फाइलीत मिळतो. त्या फाइलीत फोटो नसतात, फोटोंचे पत्ते असतात. फोटोंसाठी होस्टिंगवरचं 'अपलोड्स' फोल्डर वेगळं उतरवावं लागतं. हे अनेकांना साइट गेल्यावर कळतं. वर्डप्रेस डॉट कॉम ही एका कंपनीची सेवा आहे, मी म्हणतोय ते वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून घेऊन आपल्या होस्टिंगवर बसवायचं सॉफ्टवेअर.

त्याचा त्रासही आहे. दुर्लक्ष झालं की हॅक होतं, आणि बहुतेकदा कारण मूळ वर्डप्रेस नसतं, जुनाट प्लगिन (वर्डप्रेसला वरून जोडायचा सॉफ्टवेअरचा तुकडा) असतं, किंवा 'विकतची थीम फुकटात आणून देतो' म्हणणाऱ्याने आणलेली थीम (साइटचं तयार रूप), जिच्यात आधीच कुणीतरी कोड घुसवलेला असतो. वर्डप्रेसच्या छोट्या दुरुस्त्या २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासून आपोआप बसतात. प्लगिनसाठी तशी सोय २०२० च्या ५.५ पासून आहे, पण ती तुम्ही चालू करावी लागते. प्लगिन अगदी मोजके ठेवा. पानं ओढून-सोडून रचून देणारे जड प्लगिन घेऊ नका, त्यांतले काही काढून टाकले की मजकुरात चौकोनी कंसातला कोड मागे राहतो आणि पान वाचता येत नाही, म्हणजे पुन्हा तीच अडकवणूक. बॅकअपसाठी अपड्राफ्टप्लस हे प्लगिन लावा आणि तो देवस्थानाच्या गूगल ड्राइव्हवर जाऊ द्या, त्याच होस्टिंगवर ठेवू नका. सचिवांना 'एडिटर'चं खातं द्या, 'अॅडमिनिस्ट्रेटर'चं नको.

ग्रॅव मला स्वतःला फार आवडतं. डेटाबेस नाही, प्रत्येक पान म्हणजे मार्कडाउनमधली (साध्या खुणा वापरून लिहायची पद्धत) साधी फाइल, फोल्डरची कॉपी केली की बॅकअप झाला. ब्लडिट हे तसलंच सॉफ्टवेअर, त्याहून छोटं. आठ-दहा पानांना तांत्रिकदृष्ट्या हेच पुरेसं आहे. पण अडलं तर इथे विचारायचं कुणाला? तुमच्या महाजनांच्या (देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांच्या) मुलांत एफटीपी (होस्टिंगवर फाइली चढवायची पद्धत) आणि मार्कडाउन हाताळणारे निदान दोघं असतील, एकटा नव्हे, तर माझं वर्डप्रेसचं म्हणणं बाजूला ठेवून खुशाल ग्रॅव घ्या. ह्यूगो, जेकिल या आधीच तयार पानं बनवून देणाऱ्या साधनांनी केलेल्या साइटवर हॅक करण्यासारखं फारसं काही उरत नाही आणि ती गिटहब पेजेस या होस्टिंग सेवेवर फुकट राहते, हे खरं. पण पालखीची वेळ आदल्या रात्री बदलली तर ती मुखत्यारांना आपल्या फोनवरून बदलता आली पाहिजे, आणि तिथे ते सहज होत नाही. द्रुपल आणि जूमला हे दुसरे दोन सीएमएस छोट्या साइटसाठी नकोच. द्रुपल ७ चा अधिकृत आधार जानेवारी २०२५ मध्ये संपला, आणि त्याच्यावरून पुढच्या आवृत्तीवर जाणं म्हणजे साइट जवळजवळ नव्याने बांधणं. एवढा खर्च देवस्थानाने का करावा?

होस्टिंगचा वार्षिक खर्चही जड असेल तर गूगलचं मोफत ब्लॉगर. लोक त्याला नाक मुरडतात, मी मुरडत नाही. स्वतःचं डोमेन जोडता येतं, अपडेटची कटकट नाही, बॅकअप एक्सएमएलमध्ये उतरतो. गूगलने उद्या ते बंद केलं तर, ही भीती बरोबरच आहे. पण डोमेन आपलं असेल तर मागचं सॉफ्टवेअर बदलूनही पत्ता तोच राहतो.

मराठीमुळे येणाऱ्या काही अडचणी, ज्या सीएमएसच्या तुलनांमध्ये सापडत नाहीत. वर्डप्रेसमध्ये मराठी शीर्षक दिलं की पानाचा पत्ताही देवनागरीत तयार होतो. व्हॉट्सअॅपवर पाठवताना त्यातलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, टक्केवारीच्या खुणांसह ९ अक्षरांचं होतं, आणि वर्डप्रेसमध्ये पानाच्या पत्त्याला मर्यादा २०० अक्षरांची. म्हणजे बाविसेक चिन्हांतच तो मध्येच तुटतो आणि गटात भलीमोठी निरर्थक ओळ जाते. पानाचा पत्ता रोमन लिपीत, आखूड, हाताने लिहा. छापखान्याकडून आलेला मजकूर श्रीलिपी किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमधला असेल तर तो चिकटवल्यावर कचरा दिसतो, आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. इंग्रजीसाठी केलेल्या थीममध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं, त्याने शिरोरेषा तुटते. ते अंतर शून्य करायला सांगा आणि ओळींमधली जागा थोडी वाढवा, नाहीतर उकार-वेलांट्या कापल्या जातात. मराठी, कोंकणी, इंग्रजी तिन्ही हवं असेल तर बहुभाषिक प्लगिनच्या फंदात न पडता मुख्य चार-पाच पानं त्या त्या भाषेत वेगळी करा. डॉट भारतमधलं देवनागरी डोमेन हवं तर जोडीला घ्या, मुख्य नको. ईमेलला आणि ऑनलाइन फॉर्मला ते अजून सगळीकडे चालत नाही.

देणगीसाठी पेमेंट गेटवे (साइटवरच कार्डाने पैसे घेण्याची सोय) लावू नका, बँकेचा तपशील आणि यूपीआयचा क्यूआर पुरे. मात्र साइटमध्ये कुणी शिरलं तर तो क्यूआर बदलणं एका मिनिटाचं काम आहे आणि भाविकांना ते कळणारही नाही. खजिनदारांनी ठरावीक दिवशी स्वतः स्कॅन करून खात्याचं नाव बघायचं, असा ठरावच करून टाका. महाजनांची नावं-पत्ते-फोन असलेली यादी साइटवर टाकू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

आणि ओटीपी. डोमेनचं खातं देवस्थानाच्या ईमेलवर काढलं, पण मोबाइल नंबर सचिवांचा दिला, तर ३ वर्षांनी सगळं त्यांच्या खिशात. देवस्थानाच्या नावाने वेगळं सिम घ्या, ते कार्यालयातल्या फोनमध्ये ठेवा, रिचार्ज चुकू देऊ नका. गूगल खात्याचे १० बॅकअप कोड छापून तिजोरीत ठेवा. समिती बदलताना दागिन्यांची यादी सह्या करून सोपवली जाते, त्याच कागदावर डोमेन, होस्टिंग, ईमेल, सिम आणि त्यांच्या मुदतीच्या तारखा यायला हव्यात. आम्ही आता तसंच करतो.

आता तुमच्यापुरतं. सोडून जाणार आहोत हे कंपनीला इतक्यात सांगू नका. आधी प्रत्येक पान सेव्ह करा, फोटो मोठ्या आकारात उतरवा, वेबॅक मशीनवर 'सेव्ह पेज नाऊ' करून ठेवा. मग साधं पत्र द्या की लेखापरीक्षणासाठी डोमेन देवस्थानाच्या नावावर हवं आहे. ते झालं, खात्यात तुमचं नाव दिसलं, की मगच साइट हलवण्याचा विषय काढा. मालकाचं नाव बदलल्यावर काही रजिस्ट्रार ६० दिवस डोमेन दुसरीकडे हलवू देत नाहीत. त्याने अडत नाही, साइट दुसऱ्या होस्टिंगवर तरीही नेता येते.

मुदत कधी संपते ते पोस्टमध्ये नाही. बघून इथेच लिहा. ती नवरात्राच्या आसपास असेल तर कंपनी मागेल त्या दराने एक वर्षाचं नूतनीकरण आधी करून घ्या आणि पावतीवर डोमेनचं नाव लिहून मागा.