भूवैज्ञानिकांना खरंच ज्वालामुखी आणि दऱ्या बघत हिंडायला मिळतं का? तुमच्या सर्वांत जास्त लक्षात राहिलेली जागा कोणती?

तुमची भाची बारावीनंतर भूशास्त्र घ्यायचं म्हणते आणि घरच्यांना ते नुसतं भटकंतीचं वेड वाटतं, असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. म्हणून आधी त्याचं उत्तर देते. भटकंती आहे, भरपूर आहे, पण ती बहुतेक वेळा ओढ्यांची, विहिरींची, खडीच्या खाणींची आणि घाटरस्त्यांची असते. फील्डवरून आणलेले दगड कापायचे, घासून घासून त्यांचे ०.०३ मिलिमीटर जाडीचे काप करायचे आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचं, यात वर्षाचा मोठा भाग जातो. आपल्याकडचे बरेचसे भूवैज्ञानिक भूजल, खाणी, धरणं, बोगदे यांच्या कामात असतात, आणि ते काम मोलाचं आहे. जिवंत ज्वालामुखीपर्यंत पोचणारे थोडेच. मी दख्खनच्या बेसॉल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकावर, काम करते म्हणून माझ्या वाट्याला ते आलं. कधी परिषदेला जोडून निघालेल्या अभ्याससहलीतून, कधी बाहेरच्या विद्यापीठासोबतच्या कामातून.

आता लक्षात राहिलेली जागा. हवाईच्या मोठ्या बेटावर किलाउएआ ज्वालामुखीच्या दक्षिणेला समुद्रालगत एक काळी सपाटी आहे. पुऊ ओओ या मुखातून १९८३ साली सुरू झालेला उद्रेक २०१८ पर्यंत चालू होता. त्यातला एक प्रवाह २०१६ च्या उन्हाळ्यात कडा उतरून या सपाटीवर आला आणि जुलैअखेर समुद्राला मिळाला. त्या सुमारास आम्ही तिथे होतो. १९९० मध्ये याच बाजूचं कालापाना गाव लाव्ह्याखाली गेलं, आणि आम्ही चालत होतो तो रस्ताही जुन्या लाव्ह्यावर खडी टाकून केलेला. रस्ता सोडला की पायाखाली नुसता काळा, चकचकीत, वळ्या पडलेला कातळ. हातमोजे घालावेच लागतात, कारण या लाव्ह्याची वरची साल म्हणजे काच. तोल जाऊन हात टेकला की तळवा फाटतो.

लाव्हा म्हटलं की डोंगरावरून धो धो येणारी आगीची नदी डोळ्यांसमोर येते. मी बघितला तो हातभर रुंदीचा एक लोळा होता. काळ्या सालीला चीर पडली, आतून नारिंगी लाव्हा बाहेर आला, सावकाश पुढे सरकला आणि बघता बघता त्याच्यावर रुपेरी पापुद्रा धरला. नारिंगीचा लाल झाला, लालाचा करडा. सगळीकडून चटचट आवाज येत होता, तो पापुद्रा थंड होताना तडकत असल्याचा. आतलं तापमान ११४० अंश सेल्सियसच्या आसपास असतं. वारा आपल्या दिशेला फिरला की तोंड आपोआप दुसरीकडे वळतं. नमुना घेणारा चेहरा झाकून पुढे जातो, हातोड्याच्या टोकाने चिकट लाव्ह्याचा गोळा ओढून काढतो आणि तडक पाण्याच्या बादलीत टाकतो. स्फटिक वाढायला वेळच मिळत नाही, त्यामुळे त्या क्षणीची अवस्था जशीच्या तशी गोठून हाती लागते.

तो लोळा थांबला. थांबल्यावर मात्र तो उंच व्हायला लागला, आणि मी हजारो मैलांवरून आले होते ते हे बघायला. साल घट्ट झाली की लाव्ह्याला पुढे सरकता येत नाही, पण मागून तो येतच राहतो. मग पखालीत पाणी भरत जावं तशी ती साल आतून भरत वर उचलली जाते. वीस-तीस सेंटीमीटर जाडीने आलेला थर काही दिवसांत तीन-चार मीटर जाड होतो. सकाळी घोट्याएवढी दिसलेली एक कड दुपारी माझ्या गुडघ्याच्या वर आली होती, आणि वरच्या सालीला नुकत्याच पडलेल्या भेगेत खोलवर लाल दिसत होतं.

याचा आपल्याशी काय संबंध, ते सांगते. दख्खनचे बेसॉल्ट आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत. त्यातला एखादा प्रवाह वीस-तीस मीटर जाड असतो. आंध्रात राजमहेंद्रीजवळ जे बेसॉल्ट आहेत, त्यांचं रसायन महाबळेश्वर-आंबेनळी घाटातल्या प्रवाहांशी जुळतं, आणि मधलं अंतर आहे सुमारे १००० किलोमीटर. एवढ्या लांब जाताना लाव्हा वाटेत गोठला कसा नाही? पूर्वी याचं उत्तर असं देत की प्रचंड पूर आले असणार, काही दिवसांत सगळं वाहून पसरलं असणार. तसं पूर आल्यासारखं वाहिलं असतं तर खडकात त्याची उलथापालथ दिसायला हवी. सह्याद्रीत बऱ्याच ठिकाणी दिसते ती हवाईसारखीच शांत रचना, फक्त कितीतरी मोठी. वर साल धरलेली असली की ती पांघरुणाचं काम करते. आतून वाहणारा लाव्हा किलोमीटरमागे जेमतेम एखादा अंश गमावतो. तेव्हा घाई करायची त्याला गरजच नसते.

हवाईत मोजमापं करून साल किती वेगाने जाड होते याचा एक साधा नियम बसवलेला आहे. पहिल्या तासात सुमारे ८ सेंटीमीटर, आणि पुढे जाडी दुप्पट व्हायला चौपट वेळ. म्हणजे एका दिवसात चाळीसएक सेंटीमीटर, शंभर तासांत ८० सेंटीमीटर. हा नियम घेऊन आपल्या घाटात यायचं. प्रवाहाचा वरचा भाग बुडबुड्यांच्या छिद्रांनी भरलेला असतो, कारण आत ताजा लाव्हा येत असताना वर चढणारे बुडबुडे वाढत्या सालीत अडकत जातात. पुरवठा थांबला की उरलेलं सगळं निवांत थिजतं, आणि तो मधला भाग घट्ट, बिनछिद्रांचा होतो. तो वरचा छिद्राळ भाग १० मीटर भरला, तर हिशोबाने तो प्रवाह पावणेदोन ते दोन वर्षं जिवंत होता. कातळाला टेप लावून ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या एका प्रवाहाचं आयुष्य असं वर्षांत सांगता येतं. या विषयात मला याच्याइतकं आनंदाचं दुसरं काही वाटत नाही.

हवाईत एक गोष्ट मात्र कळत नाही, ती म्हणजे हे सगळं माणसावर, गुराढोरांवर कसं कोसळतं. त्यासाठी आइसलंडला लाकीच्या रांगेवर जायला हवं. जमिनीला २७ किलोमीटर लांबीची भेग आणि तिच्यावर शंभराहून जास्त लहान मुखं, एकामागे एक. सगळ्यावर करड्या-हिरव्या शेवाळाचा जाड थर. पायवाट सोडू नका असं बजावतात आणि ते ऐकावं, कारण दबलेलं शेवाळ पुन्हा धरायला फार वर्षं लागतात. ८ जून १७८३ ला ही भेग उघडली आणि उद्रेक आठ महिने चालला. सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा आला. पण घात केला तो वायूंनी. अंदाजे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड हवेत गेला, गवतावर फ्लोरिनचा विषारी थर बसला, देशातली निम्म्याहून अधिक जनावरं मेली आणि त्यानंतरच्या दुष्काळात सुमारे एक पंचमांश माणसं दगावली. त्या भागातले पाद्री योन स्टेइंग्रिम्सन यांनी हे सगळं डोळ्यांनी बघून लिहून ठेवलंय. जनावरांच्या खुरांवर, सांध्यांवर काय झालं तेही त्यांनी सोडलेलं नाही.

लाकीचे १५ घन किलोमीटर. दख्खनचं मूळ आकारमान दहा लाख घन किलोमीटरच्या घरात असल्याचे अंदाज आहेत. डायनोसॉर संपले त्याच काळात हे उद्रेक चालू होते आणि मेक्सिकोत चिक्सुलुबला अशनीही आदळला. दोघांचा वाटा किती यावर अजून जोरदार वाद आहे आणि अशनीच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे, हे मी मान्य करते. तरी लाकीच्या त्या रांगेवरून चालल्यानंतर दख्खनच्या वायूंना किरकोळ समजणं मला जमत नाही.

दऱ्यांबद्दल विचारलंत, तर ग्रँड कॅन्यन सगळ्यांनाच माहीत आहे, वर्णन करत नाही. तळाजवळचा एक सांधा फक्त सांगते. तिथे खाली विष्णू शिस्ट नावाचा, दाबाने आणि उष्णतेने रूप बदललेला खडक आहे (आपलाच विष्णू, तिथल्या शिखरांना अशी नावं एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षकांनी दिली), वय १७० कोटी वर्षांहून जास्त. त्याच्यावर थेट टेपीट्स वालुकाश्म, वय ५१ कोटींच्या आसपास. दोघांच्या मधल्या रेषेवर एक हात ठेवला की तळव्याखाली सुमारे १२० कोटी वर्षं गायब असतात. ते खडक झिजून गेले, काही उरलं नाही. दीडएक किलोमीटर खोलीच्या त्या दरीत काळाच्या अशा गाळलेल्या जागा आणखीही आहेत. आणि आपल्याकडे? महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरा. हजार मीटरहून जास्त उतार आहे, आणि या कड्यातले लाव्ह्याचे सगळे थर साचायला दहा लाख वर्षंही लागलेली नाहीत. दोन प्रवाहांच्या मधे कुठे कुठे गेरूसारखा तांबडा पट्टा दिसतो. लाव्हा थांबला होता, वरचा थर कुजून त्याची माती झाली होती आणि मग पुढचा प्रवाह येऊन ती भाजून गेला. महाराष्ट्रात ज्यांनी विहिरी खणल्यात त्यांना हा पट्टा ठाऊक असतो.

धोक्याबद्दलही लिहायला हवं, कारण घरच्यांची काळजी तीच असणार. सगळे ज्वालामुखी किलाउएआसारखे नसतात. ३ जून १९९१ ला जपानच्या उन्झेनवर तापलेल्या राखेचा आणि वायूंचा लोट उतरला आणि ४३ जण गेले. त्यात मॉरिस आणि कातिया क्राफ्ट हे दांपत्य आणि हॅरी ग्लिकन, असे आयुष्यभर ज्वालामुखींवर काम केलेले तिघे होते. स्फोटक ज्वालामुखीवर अनुभवाने संरक्षण मिळत नाही, अंतरानेच मिळतं. मी त्या प्रकारच्या मुखांजवळ जात नाही आणि विद्यार्थ्यांनाही नेत नाही. अंदमानातलं बॅरन बेट, दीडशेहून अधिक वर्षं शांत राहून १९९१ मध्ये पुन्हा जागं झालेलं, तेही बोटीतूनच बघायचं असतं.

भाचीला खरंच यात रस आहे का हे बघायचं असेल, तर विमानाचं तिकीट लागणार नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आंबेनळी किंवा वरंध घाटात न्या. पावसाळ्यात अजिबात नको, दरडी येतात. गाडी रुंद जागी लावा आणि वळणावर उभे राहू नका. हातोडा नको, टेप आणि होकायंत्र पुरे. आधी तांबडा पट्टा शोधा, नाहीतर दोन प्रवाहांमधला सांधा शोधा. तिथून वरच्या प्रवाहाच्या अगदी तळाशी, वीतभर उंचीत, बोटाएवढ्या जाडीच्या उभ्या नळ्या दिसतात का बघा. बऱ्याचदा त्या पांढऱ्या किंवा हिरवट खनिजाने भरलेल्या असतात. लाव्हा आला तेव्हा वर चढणाऱ्या बुडबुड्यांच्या त्या वाटा. नळ्यांची वरची टोकं सगळी एकाच बाजूला झुकलेली असतील, तर ती दिशा होकायंत्राने लिहून घ्या. त्या जागी लाव्हा त्याच दिशेने सरकत होता.