इंधन जळाल्यावर एअरशिप वर का जात नसे?

प्रश्न : हलक्या वायूमुळे एअरशिप तरंगते हे समजते, पण प्रवासात टनावारी इंधन जळून ती हलकी झाल्यावर आपोआप वर का जात नसे?

उत्तर : आपण नेमक्या अवघड जागेवर बोट ठेवले आहे. एअरशिप वर चढवणे त्यामानाने सोपे. तिला हव्या त्या उंचीवर राखणे हेच खरे कसब होते. १९२८ साली जर्मनीत फ्रीड्रिशहाफेन येथे बांधलेल्या ‘ग्राफ झेपेलिन’चे उदाहरण घेऊ. तिचा सुमारे २३७ मीटर लांबीचा सांगाडा ड्युरालुमिन या हलक्या मिश्रधातूचा होता आणि त्यावर रोगण दिलेले कापड ताणून बसवले होते. मात्र हायड्रोजन या कापडात नव्हे, तर आतील स्वतंत्र पिशव्यांत भरलेला असे. त्या काळी अशा सुती पिशव्यांना गुरांच्या आतड्यांच्या पातळ पापुद्र्यांचे अस्तर लावत. युरोपातील कारागीर सोन्याचा वर्ख कुटताना हेच पापुद्रे वापरत, आणि एका मोठ्या एअरशिपसाठी ते लाखोंनी लागत.

एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो आणि तेवढ्याच हायड्रोजनचे जेमतेम ९० ग्रॅम, म्हणजे दर घनमीटरमागे सुमारे १.१ किलो वजन उचलले जाते. ‘ग्राफ झेपेलिन’मधील सुमारे ७५,००० घनमीटर हायड्रोजन याप्रमाणे ८० टनांच्या आसपास भार पेलत असे. तिची इंजिने केवळ पेट्रोलवर चालवली असती, तर जळालेल्या प्रत्येक टनामागे तेवढ्या उचलीचा हायड्रोजन सोडून द्यावा लागला असता. म्हणून तिच्यात मुख्यतः ‘ब्लाऊ गॅस’ हे वायुरूप इंधन वापरले. त्याची घनता जवळजवळ हवेइतकीच असल्यामुळे तो जळत जाई तसतशी त्याची जागा हवा घेई आणि वजनात फारसा फरक पडत नसे. मला ही युक्ती फार सुंदर वाटते. तिच्याच बळावर १९२९ च्या पृथ्वीप्रदक्षिणेत ही एअरशिप फ्रीड्रिशहाफेनहून न थांबता सुमारे १०२ तासांत टोकियोला पोचली.

तरीही उन्हाने वायू तापून प्रसरण पावे, रात्री तो आकसे आणि पावसात भिजलेले कापड जड होई. त्यासाठी सोबत पाण्याचा साठा असे. एअरशिप खाली येऊ लागली की त्यातील पाणी सोडत, फार वर जाऊ लागली की झडपेतून थोडा हायड्रोजन. उड्डाणापूर्वीही दोरखंड धरलेली माणसे क्षणभर हात सैल करून ती वर उठते की खाली बसते हे पाहत, आणि त्यावरून पाणी किती ठेवायचे ते ठरे.