ब्लोअर चारवरच चालतो, एक-दोन-तीनला गप्प!

प्रश्न (एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर): नमस्कार दादा, माझ्याकडं १९९९ सालची पेट्रोल गाडी आहे, वडिलांची, त्यामुळं विकवत नाही. पावसाळ्यात वैभववाडीला पाहुण्यांकडं निघालो, गगनबावडा सोडून करूळ घाटात उतरलो आणि आतनं काच अशी भरली की बायको सगळा घाट रुमालानं पुसत होती. हीटरचा ब्लोअर, म्हणजे आत हवा फेकणारा पंखा, फक्त चारवर चालतो, खाली काहीच नाही. आधी त्याचा २० अँपिअरचा फ्यूज सारखा उडायचा म्हणून एकानं ३० चा घालून दिला, म्हणाला आता टेन्शन नाही. महिन्याभरात हे असं झालं, आता डॅशबोर्डखाली जळकट वास पण येतोय. मीटर आहे, जुजबी बघता येतं. स्विच बदलू का अख्खा ब्लोअर?

उत्तर: भाऊ, बाकीचं नंतर वाचा, आधी जाऊन तो ३० चा फ्यूज काढा. फ्यूज असतो वायर वाचवायला. वायर घातलीय वीसच्या हिशोबानं, आता तिच्यातनं पंचवीस अँपिअर गेले तरी फ्यूज ढिम्म, आणि वायर, कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा जोड), आतलं प्लास्टिक सगळं तापत बसतं. वीसचा उडत होता तो काहीतरी सांगत होता की, त्याचंच तोंड बंद केलं गड्यानं.

स्विच इतक्यात घेऊ नका. चारवर चालतो आणि खाली बंद म्हटल्यावर बहुतेक वेळा रेझिस्टर, म्हणजे करंट अडवून पंख्याचा वेग कमी करणारा भाग, गेलेला असतो, कारण एक-दोन-तीनला करंट रेझिस्टरमधनं फिरून जातो आणि चारला थेट. तीनपर्यंत चालून चार बंद असता तर मी पण स्विच नाहीतर रिले बघा म्हटलं असतं.

हा रेझिस्टर ब्लोअरच्या डक्टवर असतो, बहुधा ग्लोव्ह बॉक्सच्या मागं, दोन स्क्रू काढले की हातात येतो, तारेच्या बारीक स्प्रिंगा असलेली पट्टी. डक्टमध्ये मुद्दाम ठेवलाय, कारण तो भरपूर तापतो आणि ब्लोअरच्याच वाऱ्यानं गार होतो. बऱ्याच रेझिस्टरवर एक छोटा थर्मल फ्यूज, म्हणजे जास्त तापलं की तुटणारा फ्यूज, पण असतो, एकदा तुटला की परत जुळत नाही, आणि तुमच्यासारखं खालचं सगळं एकदम बंद पडतं. कपलर काढून मीटर ओहमवर लावा, पिनांमध्ये अगदी थोडे ओहम दिसले पाहिजेत, ओपन, म्हणजे आतनं जोडच नाही असं दाखवलं, तर गेला. काही जण त्या थर्मल फ्यूजवर तार गुंडाळून काम चालवतात, तसलं काही करू नका, गाडी पेटायची.

आता खरी गोष्ट. नवा रेझिस्टर लावला की लगेच चालू होईल, तुम्ही खूश, आणि दोन-तीन महिन्यांनी परत जळेल, कारण वीसचा फ्यूज मुळात का उडत होता ते कुणी बघितलंच नाही. मोटर लोड घेतेय, म्हणजे जास्त करंट ओढतेय. बॅटरीची अर्थ काढून ब्लोअर खाली उतरवा आणि फॅन हातानं फिरवा. जड फिरतोय, घासतोय, किरकिरतोय तर बुश नाहीतर कार्बन संपलेत. जुन्या गाड्यांना केबिन फिल्टर नसतो, वायपरखालच्या जाळीतनं पाला थेट ब्लोअरमध्ये पडतो. मी स्वतः एकदा मूठभर चिंचेचा पाला आणि उंदरानं कुरतडून आणलेला सीटचा फोम काढलाय, मोटर धडधाकट होती बिचारी! गाडी झाडाखाली लावत असाल तर हे पहिलं बघा.

किती अँपिअर ओढतोय ते मोजायला तुमचा मीटर सिरीजमध्ये, म्हणजे वायर तोडून मधे, लावू नका, साध्या मीटरची मर्यादा बहुतेक १० अँपिअर असते, मीटरचाच फ्यूज जाईल. वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा, डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो, घरच्या वायरमनकडचा बऱ्याचदा नुसता एसीचा असतो, आधी विचारून घ्या. मोजण्यापुरता २० चाच फ्यूज घालून ब्लोअर चारवर ठेवा, आकडा वीसच्या आसपास घुटमळत असेल तर मोटर बदला, रेझिस्टरबरोबरच.

वास कशाचा येतोय ते रेझिस्टरच्या आणि स्विचच्या कपलरवर कळेल. पिना तपकिरी पडल्यात, प्लास्टिक वितळलंय तर तो कपलर टाकून नवा घाला, वायर पहिल्याच जाडीची, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) नीट दाबून. पीळ मारून वर काळी टेप, हे नको. आणि फ्यूजची खाच पण बघा, सैल आणि काळी झाली असेल तर तिथंही तसंच तापतं. हे सगळं झालं की मग २० चा फ्यूज कायमचा.

तोपर्यंत घाटात जायची वेळ आलीच तर ब्लोअर बंदच ठेवा आणि खिडक्या दोन बोटं उघड्या ठेवा. दुरुस्तीनंतर मात्र हीटर आणि एसी दोन्ही एकदम लावा, हवा काचेकडं वळवा आणि बाहेरची हवा घ्या. एसी हवेतली ओल काढतो, काच लवकर मोकळी होते, वहिनींना रुमाल काढावा लागणार नाही.