पाळणाघर उघडले, पण मुले येत नाहीत

"ताई, जागा आहे, खेळणी आहेत, मला मुलांची आवडही आहे, फक्त मुलेच येत नाहीत." घरगुती पाळणाघर चालवणाऱ्या स्त्रियांकडून हे वाक्य जळगाव, भुसावळ आणि धुळे या पट्ट्यात मी इतक्या वेळा ऐकले आहे, की त्यांतल्या एकीची हकिगत, ओळख पुसून, येथे मांडत आहे. त्यांना आपण सुनंदाताई म्हणू.

भुसावळात राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांनी पाळणाघर सुरू केले होते. आठ महिन्यांत दोनच मुले आली, आणि त्यांतले एक नणंदेचे, म्हणजे बिनपैशाचे. मी समुपदेशक आहे, तरीही त्या माझ्याकडे व्यवसायाचा सल्ला मागायला आल्या नव्हत्या. रात्री झोप लागत नाही म्हणून आल्या होत्या.

"स्वतःहून किती जणींना सांगितलेत?" मी विचारले.

"सांगायचे कशाला? दारावर पाटी आहे. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे." मग बराच वेळ थांबून त्या म्हणाल्या, "शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, 'काय व माय, आता लोकांची पोरं सांभाळणार का?' त्यानंतर तोंडच उघडले नाही."

गल्ली हीच पहिली चूक होती. त्यांच्या गल्लीत जवळजवळ प्रत्येक घरात आजी होती, आणि जिथे आजी आहे तिथे पाळणाघर कोणाला हवे? भुसावळ हे रेल्वेचे गाव आहे. बदली होऊन आलेली, पाळीची नोकरी करणारी कितीतरी जोडपी येथे राहतात आणि त्यांच्या घरातली आजी दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या राज्यात असते. हे सुनंदाताईंना माझ्याहून चांगले ठाऊक होते. अडचण माहितीची नव्हती, रेल्वे कॉलनीतल्या अनोळखी दारावर 'नको' ऐकण्याची होती.

माझी बैठक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीची आहे, म्हणजे माणसाला घटनेपेक्षा घटनेबद्दलचा त्याचा विचारच जास्त त्रास देतो असे मानणारी, आणि ती मी लपवत नाही. वयाच्या 19 व्या वर्षी एलिस यांनी न्यूयॉर्कच्या एका वनस्पती उद्यानात, बाकावर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी महिनाभर जाऊन बोलण्याची सक्ती स्वतःवर केली होती; बोलणे शंभर जणींशी झाले, भेटायला एकही आली नाही, आणि तरीही आकाश कोसळले नाही. भुसावळच्या सुनेला हे उदाहरण सांगावे की नाही, असा संकोच मला क्षणभर वाटला, पण सांगितले. त्या हसल्या आणि आठवडाभरात पाच दारे ठोठावण्याचे त्यांनी कबूल केले.

चौघींनी नको म्हटले. पाचवी, दीड वर्षाच्या मुलीची आई असलेली एक परिचारिका, घर पाहायला आली, पाच मिनिटे उभी राहिली आणि "कळवते" म्हणून गेली. तिने कळवले नाही.

"बघा, पुन्हा नाहीच," सुनंदाताई म्हणाल्या.

"त्या उभ्या होत्या तेव्हा त्यांची नजर कुठे होती?"

"मला काय माहीत? माझे लक्ष सतरंजीकडे होते. कोपऱ्यात फाटली आहे, ती त्यांना दिसेल म्हणून पाय ठेवून उभी होते." एवढे बोलून त्या थांबल्या. माझ्या अनुभवात अशा वेळी समुपदेशकाने काहीही न बोलणे हेच सर्वात कठीण काम असते, आणि त्या दिवशी ते मला जमले. "दाराकडे," त्या हळूच म्हणाल्या. "दाराच्या कडीकडे. दोनदा पाहिले त्यांनी. कडी खाली आहे, मुलाच्या हाताला येईल अशी. बाहेर लगेच रस्ता."

"मग त्यांनी विचारले का नाही?"

"त्यांनाही लाजच वाटली असेल. आई असून मूल दुसऱ्याकडे ठेवते, वर कडीची चौकशी काय करायची!"

मला जे उमगले ते याच ठिकाणी. लाज वाटत असते तोवर माणसाची नजर स्वतःच्याच फाटक्या सतरंजीवर खिळलेली असते. समोरची बाई कशाला घाबरली आहे, हे पाहायला ती मोकळी नसते.

सुनंदाताईंनी कडी वर बसवून घेतली आणि त्या परिचारिकेला फोन करून तेवढेच सांगितले. मुलगी पुढच्या सोमवारी आली.

म्हणून पाळणाघर चालवणाऱ्यांना माझे सांगणे असे, की दर आणि वेळ यांच्या आधी आईने न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्या: मूल रडत राहिले तर काय करता, ताप आला तर कोणाला फोन करता, न्यायला अनोळखी माणूस आला तर काय करता, उन्हाळ्यात दुपारी मुलांना कोणत्या खोलीत झोपवता. मूल किती जेवले आणि किती वेळ झोपले, हे वहीत लिहून रोज संध्याकाळी दाखवा. केंद्र सरकारी नोकरीत प्रसूती रजा 180 दिवसांची असते आणि 2017 च्या दुरुस्तीपासून कायदा लागू असलेल्या खासगी आस्थापनांतही पहिल्या दोन अपत्यांसाठी ती 26 आठवड्यांची आहे. तेव्हा बाळ चार महिन्यांचे होते, त्या सुमारासच त्या घरी जाऊन भेटा, रजेच्या शेवटच्या आठवड्यात नव्हे. आणि शाळेच्या रिक्षावाल्या काकांशी ओळख ठेवा. दुपारी कोणत्या मुलाच्या घराला कुलूप असते, हे त्यांच्याइतके कोणालाही माहीत नसते. पहिला महिना फुकट ठेवण्याच्या मात्र मी विरोधात आहे; फुकट सांभाळणाऱ्या बाईकडे कडीची तक्रार करणे आईला आणखीच जड जाते.

पुढच्या वर्षी अखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, सुनंदाताईंचा घाबरलेला फोन आला. सातांपैकी तीन मुले बंद झाली होती. मी त्यांना हजेरीची वही उघडायला सांगितले. तिघींपैकी दोघी आया शिक्षिका होत्या, सुटी लागताच मुलांना घेऊन माहेरी गेलेल्या, आणि तिसऱ्या घराची बदली झाली होती.

"म्हणजे दोन जूनमध्ये येतील," त्या म्हणाल्या, "आणि बदली झालेल्या घरात आता कोण राहायला आले आहे, ते उद्या सकाळी जाऊन पाहते."